उरलेला चहा

मार्चच्या शेवटच्या रविवारी इनेमावशीला अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. ती आमची शेजारीण. तिच्या वाढदिवसाला माझी बायको सुमिए दरवर्षी हिरव्या चहाचा केक करायची, वर संत्र्याचा रस घालून केलेलं लोणी-साखरेचं क्रीम. जानेवारीत हॉस्पिटलमध्ये ती मला म्हणाली, "इनेमावशींचं अठ्ठ्याऐंशीवं आहे. केक चुकवू नका." मी हो म्हणालो. चार दिवसांनी ती गेली. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

मी बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य काढलं. घरात कधी अंडंसुद्धा उकडलं नाही. मुलीला, चिझुरूला, फोन केला.

"बाबा, मी इथून ओसाकातून चांगला केक पाठवते ना."

"विकतचा नको."

"मग मैदा दोनदा चाळा. आणि भाजताना वर फॉइल टाका, नाहीतर हिरवा रंग जातो. आई रंगासाठी जीव टाकायची."

"बरं."

"जेवताय ना नीट?"

"जेवतो."

जेवत होतो. चव कळत नव्हती. जानेवारीपासून भात काय, लोणचं काय, तोंडात सगळं सारखंच. ते तिला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी ओव्हन तापत ठेवला. अंडी आणि साखर फेटली. फेस चांगला वर आला. मग सुमिएचा हिरव्या चहाच्या पुडीचा डबा उघडला. पूड पिवळी पडली होती. उघडलेला डबा फार दिवस टिकत नाही. गावाभोवती चहाचे मळे, त्यातच जन्म गेला आणि आधी डबा बघायचं सुचलं नाही. दुकान बसने अर्ध्या तासावर. तेवढ्यात फेस खाली बसला असता.

कपाटात चहाची सात खोकी होती. सुतक संपल्यावर, ज्यांनी ज्यांनी अंत्यविधीला पैशांचं पाकीट दिलं होतं त्या सगळ्यांना आम्ही चहा पाठवला, त्यातली उरलेली. आमच्याकडे अशा वेळी परतभेट म्हणून चहाच पाठवतात. पिऊन संपतो, दुःख मागे उरत नाही, असं म्हणतात. आमच्या घरातला उरला होता. मी तो पीत नव्हतो आणि टाकतही नव्हतो.

एक खोकं फोडलं. आत पूड नव्हती, पानं होती. तीळ वाटायच्या खाचांच्या कुंड्यात ती कुटली. जेवढी बारीक झाली तेवढी झाली. मैद्यात मिसळली, फेसात घातली, साचा आत सरकवला आणि वर फॉइल टाकलं. केक गार झाल्यावर क्रीम लावलं. त्यात संत्र्याचा रस घातला, सालही किसून टाकली, सुमिए टाकायची तशी. चाखून बघितलं नाही. कळलं नसतं.

मग लक्षात आलं, अंत्यविधीचा चहा मी वाढदिवसाच्या घरी नेत होतो. दुसरा केक नव्हता.

वर्ष सरेपर्यंत मंगलकार्याला जायचं नसतं, म्हणून मागच्या दाराने गेलो. मावशीच्या सुनेने, नोबुएने, दार उघडलं. केक तिच्या हातात देऊन निघालो होतो.

"कोण आहे गं? तोकुजी का?" मावशी आतून ओरडली. "चोरासारखा काय आलास? बस इथे."

स्वयंपाकघरातच बसलो. मावशीने नोबुएला लगेच केक कापायला लावला. एक घास घेतला, बराच वेळ चावत राहिली.

"अरे, कवळीत पाला अडकतोय माझ्या. केक केलास का बकरीचा चारा?"

"आई!" नोबुए म्हणाली.

"आई काय? खरं ते बोलते. कुठला चहा घातलास रे?"

खोटं सुचलं नाही. "सुमिएचा. तुम्हाला पाठवला होता ना, तोच. घरातला उरलेला."

नोबुएच्या हातातली सुरी थांबली. मावशी बशी आता परत करणार, असं मला वाटलं. तिने पुढचा घास घेतला.

"माझ्याकडचं खोकं तसंच आहे," ती म्हणाली. "नोबुए रोज विचारते, करू का चहा. मी म्हणते, राहू दे. प्यायला की संपलं. मला ते संपवायचं नव्हतं." मग म्हणाली, "नोबुए, ते खोकं फोड. आज हाच चहा कर."

चहा आला. मी प्यायलो. गरम होता.

मावशीने केकचा तुकडा संपवला, बशीतलं क्रीम बोटाने पुसून घेतलं. "सुमिएचा जास्त गोड असायचा. पण संत्रं बरोबर जमलंय. किती खोकी उरलीत?"

"सहा."

"म्हणजे चौऱ्याण्णवपर्यंत जगायला लागणार मला. मेल्या, पुढच्या वर्षी चाळून घे तेवढं."

"घेईन."

घरी येऊन भांडी घासली. कुंड्याच्या खाचांत हिरवं बसलं होतं, घासणीने निघेना. दात घासायच्या ब्रशने निघेल असं वाटलं. न्हाणीघरात पेल्यात अजून दोन ब्रश आहेत. मी माझा घेतला.