शोशानाचा आकडा

इनॉककाका ड्राफ्ट्समनच्या नोकरीतून निवृत्त झाले, हट्टीपणातून नाही. शुक्रवारी दुपारी आपला पस्तीस वर्षांचा होम कम्प्युटर त्यांनी माझ्या पनवेलच्या दुकानात आणून ठेवला. त्याची हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजत होती, आणि तिच्यात त्यांचा खेळ होता. करंजा बंदरात होड्या सुखरूप आणायच्या, असा तो खेळ त्यांनी आणि धाकटी बहीण शोशानाने तरुणपणी मिळून लिहिलेला. पुढे ती इस्राएलला गेली, तरी सर्वात जास्त गुण कोणाचे हे भांडण फोनवर अजून चालू होतं. रविवारी ती येणार होती. तिला खेळ दाखवायचाच, असा काकांचा हुकूम.

मी नवी डिस्क जोडली. कम्प्युटरमधल्या, डिस्क चालवणाऱ्या जुन्या कंट्रोलरने तिला ओळखही दाखवली नाही. एवढी मोठी डिस्क त्या बिचाऱ्याला मोजताच येत नव्हती. मग तिला माझ्या कम्प्युटरवर घेतलं आणि स्वतःला पाचशे एमबीचीच म्हणवून घ्यायला शिकवलं. दोन्ही डिस्क एकत्र जोडल्या, तर जुनी फिरेना. मनगटाने चार हलके झटके दिले, तेव्हा कुठे बाईसाहेब हलल्या. आता थांबली तर पुन्हा फिरेल याचा काही भरवसा नव्हता.

कॉपी रडतखडत चालली. ऊन उतरलं तसे काका उठले. शब्बाथ, त्यांचा यहुदी विश्रांतीचा दिवस, लागणार होता. उद्या चांदण्या दिसेपर्यंत ते यंत्राला हात लावणार नव्हते आणि मलाही काही सांगणार नव्हते.

माझी पंचाईत झाली. एकदा शॉर्टसर्किटने पोळल्यापासून मेन स्विच पाडल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. स्विचवर हात ठेवून मी काकांवर मनातल्या मनात भरपूर चिडलो. मग स्विच तसाच चालू ठेवला, टेबलपंखा डिस्ककडे वळवला आणि शटर ओढलं.

शनिवारी चांदण्या दिसल्यावर काका आले. कॉपी पूर्ण झाली होती. जुनी डिस्क काढून नवीवर कम्प्युटर सुरू केला. होड्या आल्या, मग गुणांची यादी आली. सर्वात वर शोशाना. काका दुसरे, तेही बरेच मागे.

मला हसू आवरेना. "काका, आता काय करनार? ती तुमाला सोडायची नाय."

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं," काका म्हणाले. "मी हरलो म्हटलं असतं, तर दर आठवड्याला भांडायला फोन कोणी केला असता?"

"मग आता कशाला दाखवताय?"

काकांनी रुमालाने स्क्रीन पुसला. "आता ती कायमची राहायला येतेय."