सरांची कांडी

कांडी करंगळीच्या पेराएवढी, पांढरी, दोन्ही टोकांना गोलसर, आणि मधोमध एक करडा डाग — पेन्सिलीचं टोक टेकवावं तेवढाच. तेवढाच? त्यानं ती खिडकीकडे धरली, फिरवली, नजर परत डागावर आली. बिनचिकट तव्यावर असतं तसलं टेफ्लॉनचं कवच, आत लोहचुंबक. फ्लास्कमध्ये टाकायची, खालचं यंत्र सुरू करायचं, की ही गरगर फिरत द्रावण ढवळत राहते. चमचाच म्हणा ना. चमच्याकडे कोण बघतं? एकतीस वर्षं याच चमच्यानं ढवळलं आणि डाग दिसला नाही, आणि आता दिसलाय तर दुसरं काही दिसेनासंच झालंय...

समोर टेबलावर तीन फ्लास्क. पहिल्यात नवी कांडी : काही नाही. दुसऱ्यात ही जुनी : माल तयार. तिसऱ्यात नवी कांडी, पण वर चिमटीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा पॅलॅडियम धातू टाकलेला : माल तयार. तीन दिवस त्यानं दाराला आतून कडी घालून हेच केलं, पुन्हा पुन्हा, स्वतःच्याच प्रयोगशाळेत चोरासारखं. धातूच्या मदतीवाचून कार्बनला कार्बन जोडून दाखवणारा प्राध्यापक म्हणून जगाला तो ठाऊक. पाठ्यपुस्तकांत त्या अभिक्रियेला त्याचं नाव. आणि धातू सगळा वेळ इथंच होता, या डागात ठाण मांडून, मुकाट काम करत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पॅलॅडियमवरचं एक भलतंच काम त्यानं याच कांडीनं केलं होतं. तेव्हाच शिरला असणार. एक कण. एका कणानं आपल्याला प्राध्यापक केलं, विभागप्रमुख केलं, हारतुरे घातले — आपण काय केलं? आपण ढवळलं.

दार वाजलं, त्यानं कडी काढली, आणि भांडी धुणाऱ्या मावशी ट्रे घेऊन आत आल्या. त्याच्याइतक्याच जुन्या.

"मावशी, ही कांडी कशानं धुता हो?"

"पाण्यानं."

"आणि पोरांच्या?"

"त्या ॲसिडात बुडवून ठेवते रात्रभर. पोरं कशातही घालतात. तुमचा संच, भांडी-कांडी सगळं, मी पहिल्यापासून निराळा ठेवलाय, साहेब. ॲसिडात घालायचं धाडसच होत नाही. तुमच्या हाताचा गुण धुऊन निघायचा." त्या स्वतःशीच हसल्या. मग त्याच्याकडे बघून थांबल्या. "काय झालं? अजून तीन आठवडे आहेत निवृत्तीला, आत्तापासूनच तोंड उतरवलंत होय?"

"काही नाही. जा तुम्ही." त्या गेल्यावर त्यानं पुन्हा कडी घातली.

हाताचा गुण. पोरांना ती अभिक्रिया कधी जमायची नाही. आठवडेच्या आठवडे वाया जायचे. मग सर यायचे, बाह्या सरसावायचे, मावशींकडून आपला संच मागवायचे आणि दुसऱ्या दिवशी फ्लास्कच्या तळाशी पांढरेशुभ्र स्फटिक. सरांचा हात लागला! दूरदूरच्या प्रयोगशाळांतून पत्रं आली — आम्हाला जमत नाही म्हणून. त्यानं दोघातिघांना बोलावून घेतलं, समोर करून दाखवलं, पाहुणे तोंडात बोट घालून परत गेले, घरी जाऊन पुन्हा फसले आणि गप्प बसले. आपलेच हात खोटे हे चारचौघांत कोण सांगणार? सगळे शिकलेसवरलेले, सगळे माना डोलावणारे! आणि हा व्यासपीठावरून सांगत सुटला की रसायनशास्त्र डोक्यात नसतं, बोटांत असतं... आणि टाळ्या, काय टाळ्या पडायच्या.

एक विद्यार्थी मात्र गप्प बसला नव्हता.

त्याला सगळे कारकून म्हणायचे. तिशीचा, लग्न झालेला, वर्षाची मुलगी पदरात, आणि वही इतकी नेटकी की बघणाऱ्याला राग यावा. कारकुनानं तो प्रयोग सतरा वेळा केला. सतरा पानं, प्रत्येकाखाली तीच ओळ, त्याच वळणदार अक्षरात : 'अभिक्रिया आढळली नाही.' सतराव्या पानानंतर तो खोलीत येऊन उभा राहिला होता. "सर, मला वाटतं ती होतच नसावी. म्हणजे... आपण समजतो तशी." एवढंच. त्यावर आपण — मी, मीच, दुसरं कोणी नव्हतं त्या खोलीत — मी लाल शाईनं समासात लिहिलं : 'आधी हात स्वच्छ ठेवायला शिका.' आणि पुढल्या महिन्यात त्याला काढलं. चार वर्षं झाली होती त्याची. चार वर्षं!

स्वच्छच होते की त्याचे हात. सगळ्या इमारतीत तेवढेच स्वच्छ होते. घाण माझ्याकडे होती, आणि मी तिला गुण म्हणत होतो.

मध्ये एकदा इस्पितळात लिफ्टचं दार कारकुनानं याच्यासाठी धरून ठेवलं होतं. केस पिकलेले, हातात कुणाच्या तरी औषधांची पिशवी. "सर, ओळखलंत?" लगेच ओळखलं होतं. "नाही बुवा," हा म्हणाला होता.

आज सकाळी चहा पिताना बायकोला त्यानं आडून विचारलं होतं, "समज, एखादी गोष्ट चुकून बरोबर आली असली तर?"

"तर गप्प बसावं," ती पेपरातून मान वर न करता म्हणाली. "माझा अख्खा संसार तसाच आलाय."

हसायला हवं होतं. एरवी हसला असता.

सव्वाचार. दारावर टकटक. त्यानं कांडी मुठीत घेतली आणि कडी काढली. त्याची शेवटची विद्यार्थिनी, छातीशी प्रबंधाच्या चार प्रती धरलेल्या, कडक पुठ्ठ्याच्या, ताज्या डिंकाचा वास येणाऱ्या. पाचला कचेरीची खिडकी बंद होते आणि आज शेवटची तारीख. आज प्रबंध गेला नाही तर पुढची संधी वर्षानं, आणि मिळालेली नोकरी वर्षभर थांबणार नाही. हे तिनं याला इतक्यांदा सांगितलंय की तारखा याला तिच्याहून पाठ झाल्यात.

"सर, फक्त सही. चारही प्रतींवर. आईचे सकाळपासून सहा फोन झालेत, तिला वाटतंय तुम्ही कुठं पळून जाल."

"बस."

"बसत नाही सर, बसले तर उठवणार नाही." ती हसत होती, आणि एकदम हसायची थांबली. "एक सांगू का? पहिली तीन वर्षं मला वाटायचं माझ्याच हातात खोट आहे. बाथरूममध्ये जाऊन रडायचे. नंतर तुम्ही मावशींना सांगून तुमचा संच दिलात, आणि एका रात्रीत ब्याऐंशी टक्के माल! तिसरं प्रकरण त्यावरच उभं आहे. अर्पणपत्रिकेत लिहिलंय मी. 'सरांच्या हातांना.' बघा ना."

त्यानं बघितलं. छापून आलं होतं.

संच द्यायला मीच सांगितलं, दयेपोटी. आणि त्या दयेनंच माझं बिंग फोडलं — हात तेच, संच तेवढा बदललेला, आणि माल तयार. तिथंच तर पहिल्यांदा पाल चुकचुकली. आता सांगावं? सांगितलं की तिचं तिसरं प्रकरण गेलं, वर्ष गेलं, नोकरी गेली, आणि चूक तिची रतीभर नाही. सही करावी? मग पुढं कुठल्या तरी गावात कुठली तरी मुलगी हा प्रबंध वाचून, स्वच्छ कांडीनं, स्वच्छ हातांनी तीन वर्षं बाथरूममध्ये रडेल. आणि कारकुनाच्या वहीतली सतरा पानं... ती तशीच खोटी राहतील, माझ्या लाल शाईखाली.

"सर? चार चाळीस."

पेनाचं टोपण निघालेलं होतं. त्यानंच काढलं असणार. उजवा हात पानावर टेकलेला, गुणाचा हात, आणि तो त्याच्याकडे परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसा बघत होता. डाव्या मुठीत कांडी घामानं ओली झालेली. मूठ उघडली की झालं. किंवा पेन चाललं की झालं. दोन्ही सोपं. कुठलंच होईना.

असाच उभा राहत असेल तो कारकून. फ्लास्कसमोर, तासन् तास, सगळं मोजूनमापून घातल्यावर, काही तरी घडेल म्हणून वाट बघत. त्याला त्या वेळी कसं वाटत असेल हे याला आज पहिल्यांदा, अगदी पोटातून कळलं; आणि कळून उपयोग काही नव्हता.

समोर मुलगी उभी. घड्याळ चाललेलं. तो वाट बघत होता, स्वतःचीच, अठराव्या वेळी — आणि आत काहीच घडत नव्हतं.