बॉनेट लावून

ताई स्टुलावर चढली आणि तिने बोर्डाचा पहिला बोल्ट पान्याने सैल केला.

बोर्ड कालच लागला होता, रंगाचा वासही अजून गेला नव्हता. ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘नवा नळा बसवा, दहा हॉर्सपॉवर वाढवा!’ आणि खाली जरा बारीक अक्षरांत, ‘ताकद स्वतः ताई मोजतात.’ वरच्या ओळीतल्या दाव्यावरून बहीण-भावाची बाचाबाची कित्येक वर्षं चालली होती, तिची आता सवय झाली होती. खालच्या ओळीने मात्र ताईच्या डोक्यात तिडीक गेली. या गॅरेजात तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठा असलेला रंगारीसुद्धा. म्हणजे ते तिचं नावच झालं होतं, आणि ते तिला न विचारता दारावर टांगलं होतं.

दुसरा बोल्ट निघेपर्यंत धाकटा आला. मिशा पिकल्या, चष्मा लागला, गॅरेजाचा मालक होऊनही बरीच वर्षं झाली, तरी ताईच्या लेखी तो धाकटाच राहिला होता.

“ताई, हे काय चालवलंयस?”

“दिसतंय ना. बोर्ड काढतेय.”

“कालच लावलाय तो!”

“म्हणून तर पटपट निघतोय. गंजला असता तर वेळ लागला असता.”

धाकट्याचा चेहरा लाल झाला. तरी स्टुलाचा एक पाय डुगडुगतो हे ठाऊक असल्याने त्याने रागारागात का होईना, तो पाय घट्ट धरून ठेवला.

“नीट ऐक. धंदा मी चालवतो. हा बोर्ड उतरला, तर उद्यापासून मशीनवर दुसरा माणूस बसेल.”

“बसव,” ताई म्हणाली आणि तिसरा बोल्ट तिने त्याच्याच तळहातावर ठेवला.

मशीन म्हणजे जमिनीत बसवलेले दोन जाडजूड रोलर. गाडीची मागची चाकं त्यांवर चढवायची, पट्ट्यांनी गाडी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. गाडी तसूभरही पुढे जात नाही, पण काचेच्या खोलीतल्या पडद्यावर तिच्या ताकदीची रेघ चढत जाते. रोलर वडिलांनी आणले होते आणि ते वापरायला शिकवलं मुलीला, कारण मुलाला गाड्या उघडण्यात रस होता, मोजण्यात नव्हता. वडील गेले तेव्हा गॅरेज मुलाच्या नावावर झालं. मशीनपुढची खुर्ची कुणाच्याच नावावर नव्हती, ती ताईची होती. सगळं आयुष्य तिने त्या खुर्चीवर काढलं होतं, आणि ती सुटली तर आपण सकाळी उठून जायचं कुठे, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

इथे येणाऱ्या गाड्या सगळ्या हौशी. दोनच माणसांच्या, बुटक्या, आत शिरायचं तर आधी अंगाची घडी घालावी लागे अशा. त्यांच्या मालकांना हवा असे नळा. कंपनीने बसवलेला हवेचा काळा डबा काढून टाकायचा आणि त्या जागी चकचकीत नळा बसवायचा, टोकाला शंकूसारखा फिल्टर. म्हणे त्याने इंजिनाला थंड हवा मिळते. थंड हवा घट्ट, घट्ट हवेचा घास मोठा, म्हणून ताकद जास्त. बोलायला काही चूक नव्हतं. पण कंपनीचा डबा मुळातच पुढच्या दिव्यामागच्या फटीतून बाहेरची गार हवा ओढत असे, आणि हा नळा बसे तो नेमका तापलेल्या इंजिनाला खेटून. “कंपनीतली माणसं काय झोपा काढत होती?” असं वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. गिऱ्हाईक हसे, आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन दुसऱ्याकडून नळा बसवून घेई.

धाकट्याने ते लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून गॅरेज हातात आल्यावर त्याने चहा सुरू केला.

गिऱ्हाईक गाडी चालवत आलं की ती तापलेली असे. तशीच ती रोलरवर घेऊन पहिला आकडा काढायचा. मग नळा बसवायचा, आणि गिऱ्हाइकाला आतल्या सोफ्यावर बसवून आग्रहाने चहा पाजायचा, वर आणखी अर्धा कप. धाकट्याच्या पाहुणचाराची ख्याती होती. तेवढ्यात इकडे बॉनेट उघडं टाकून, मोठा पंखा नळ्याच्या तोंडाशी लावून इंजिन गार करायचं, आणि पंखा तसाच, बॉनेट तसंच ठेवून दुसरा आकडा काढायचा. दहा वाढलेच म्हणून समजा. बॉनेट उघडं टाकून आणि पुढे पंखा धरून रस्त्यावर कुणी गाडी चालवत नाही, हे चहा प्यायलेल्या माणसाच्या लक्षात येत नसे.

“बाबा असते तर...” स्टुलावरून उतरता उतरता ताई म्हणाली.

“बाबांचा खरेपणा भिंतीवर फोटोत आहे,” धाकटा म्हणाला. “खालचं दुकान मी चालवतोय.”

एवढ्यात गडद निळी गाडी दारात येऊन थांबली, त्यामुळे भांडण तिथेच राहिलं. ताईने बोर्ड उलटा करून भिंतीला टेकवला.

गाडीतून उतरली ती दातांची डॉक्टर होती. पन्नाशीची, ठेंगणी, केस कापलेले. दिवसभर लोकांना तोंडं उघडायला लावून तिच्या बोलण्यात एक हुकमी गोडवा आला होता. तिने गाडीच्या टपावर थोपटलं आणि धाकट्याला विचारलं, “दुखणार नाही ना हिला?”

“छे हो डॉक्टर! कळणारसुद्धा नाही,” धाकटा लगेच मधाळ झाला. “फोनवर बोललो तसं, दहाने वाढेल.”

ताईने गाडी रोलरवर चढवली, बांधली, बॉनेट लावलेलंच ठेवलं आणि पहिला आकडा काढला. दोनशे एकतीस. धाकट्याने स्वतः डबा काढून नळा बसवला. त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, स्क्रू आपणहून जागेवर जातात असं वाटे. काम झालं तसं त्याने हात पुसले आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

“चला डॉक्टर, तोवर चहा घेऊ.”

“चहा मोजल्यावर,” काचेच्या खोलीतून ताई म्हणाली.

“ताई, पाहुण्यांना जरा...”

“मोजल्यावर.”

ती बाहेर आली. तिने पंखा मागे ढकलला, बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून बंद केलं. गाडी चालू केली आणि इंजिन मघाइतकंच तापेपर्यंत हाताची घडी घालून शेजारी उभी राहिली. धाकटा तिच्याकडे बघत होता. गिऱ्हाइकासमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून तो नुसत्या डोळ्यांनी ओरडत होता, आणि ताईने ते सगळं नीट ऐकून घेतलं.

मग ती गाडीत बसली आणि तिने गाडी पळवली.

आवाज मात्र बदलला होता. आधी गाडी घशातल्या घशात गुणगुणत होती, आता छातीतून ओरडत होती. काचा थरथरल्या. रेघ चढली, वाकली, आणि पडद्यावर आकडा आला.

“दोनशे तीस,” काचेच्या खोलीत जाऊन ताईने मोठ्याने वाचलं. “एकाने कमी.”

रोलर फिरायचे थांबले तरी धाकटा त्यांच्याकडेच बघत राहिला.

“आज हवा जरा दमट आहे,” शेवटी तो म्हणाला.

“असेल,” डॉक्टर म्हणाली. “दात काढल्यावर पेशंट ओरडला की मीसुद्धा हवेवरच ढकलते.”

“डॉक्टर, आम्ही नळा काढून देतो. काही...”

“काढताय कशाला? राहू दे की.”

“पण ताकद वाढली नाही,” ताई म्हणाली. ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. “उलट कमी झाली. तुम्हाला कळलं ना?”

“अहो, मी ताकद मागितली कधी? दहा-दहा म्हणून हेच पाठीमागे लागले होते.” डॉक्टरने धाकट्याकडे बोट दाखवलं. “दिवसभर कानाशी ते ड्रिल किंचाळत असतं. घरी जाताना मला काहीतरी जाडंभरडं ऐकायचंय. मघाशी ओरडली ना, तसं. तेवढ्यासाठीच आले मी.”

धाकट्याच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

“तो कागद मात्र द्या,” डॉक्टर पुढे म्हणाली. “नवरा म्हणत होता, काही फरक पडायचा नाही म्हणून. त्याचं खरं निघालं. दाखवते, खूश होईल बिचारा.” मग गाडीत अंगाची घडी घालता घालता ती थांबली. “तुम्ही दहा म्हणालात तेव्हाच मी ओळखलं होतं हं. मीही सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटेल म्हणते. पण पेशंट कळवळला की ‘चुकले’ तरी म्हणते.”

निळी गाडी गरजत गेली. चौकातून वळून दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज येत राहिला, आणि तो पार विरेपर्यंत धाकटा दारातून हलला नाही.

“एक बाई हौशी निघाली,” तो पाठमोराच म्हणाला, “म्हणून सगळं जग तसं नसतं.”

“नसतं.”

“पुढचा म्हणाला, आकडा नाही तर नळा काढा, मग?”

“मग काढ. पाना तुझ्याच हातात असतो.”

“आणि चार जणांनी काढायला लावला म्हणजे? बाबांच्या वेळेसारखं माश्या मारत बसायचं?”

माश्या मारण्याचे ते दिवस तिनेही पाहिले होते. शाळेच्या सहलीला दोघांपैकी एकानेच जायचं असं ठरे, आणि दर वेळी धाकटा जाई, हे ती विसरली नव्हती.

हातातलं फडकं खुंटीला अडकवत तो म्हणाला, “खुर्चीचं मघाशी मी रागात बोललो.”

“मी रागात नव्हते बोलले,” ताई म्हणाली.

दुपारी ठेकेदार आला. इमारती बांधणारा, बोटांत अंगठ्या, पांढरी शुभ्र गाडी. आल्या आल्या त्याने दारावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

“तो दहाचा बोर्ड कुठे गेला? मित्राने काल फोटो पाठवला होता.”

“उतरवलाय,” ताई म्हणाली.

“बोर्ड उतरवा, दहा उतरवू नका,” स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला. “मेव्हण्याच्या गाडीपेक्षा निदान आठ जास्त पाहिजेत मला. रविवारी तो कागद घेऊन जायचंय त्याच्याकडे. आवाज-बिवाज मला काही नको, आकडा पाहिजे.”

असा माणूस येणार हे दोघांनाही माहीत होतं, फक्त तो इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. ताईने पहिला आकडा काढला आणि कागदावर लिहिला. धाकट्याने काही न बोलता डबा काढला, नळा बसवला. या वेळी एक स्क्रू त्याच्या हातून निसटून खाली पडला, तो त्याने वाकून शोधला. मग तो कोपऱ्यात गेला आणि पंखा ओढत गाडीपुढे घेऊन आला.

ताई काचेतून बघत होती. हे त्याचे हात सवयीनेच करत होते की आणखी काही, ते तिला कळेना.

“चला साहेब,” धाकटा म्हणाला, “चहा घेऊ.”

ताईने खण उघडला. चष्म्याची डबी बाहेर काढली. हवेची उष्णता मोजायचा वडिलांचा जुना थर्मामीटर काढला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. बाहेर जाऊन ठेकेदाराला काय सांगायचं, ते तिने मनात ठरवून टाकलं, आणि त्यानंतर घरी कुठल्या रस्त्याने जायचं तेही.

ठेकेदार सोफ्याकडे वळला होता. धाकटा मात्र गाडीपुढेच उभा होता. त्याने एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा भिंतीला टेकवलेल्या बोर्डाच्या पाठीकडे. मग हात वर करून त्याने बॉनेट खाली ओढलं, आणि दोन्ही तळव्यांनी, सकाळी ताईने दाबलं होतं तसंच, दाबून बंद केलं.

“ताई,” त्याने काचेकडे न बघता हाक मारली, “चहा होईपर्यंत गाडी चालू राहू दे. चांगली तापू दे.”

“किती वाढेल हो?” ठेकेदाराने सोफ्यावरून विचारलं. “दहा तरी?”

“ते ताई सांगेल,” धाकटा म्हणाला. “साखर किती घालू?”

ताईने पिशवीतून थर्मामीटर काढला, रुमाल सोडला, आणि किल्ली घ्यायला ती बाहेर आली.