चार बोटं जागा

मी इंजिन गार्ड बोलतोय, आणि आज तोंड उघडलंय ते भांडायलाच. मोटरसायकलच्या इंजिनापुढे दोन्ही बाजूंना बाहेर आलेली जाड काळी नळी म्हणजे मी. देखणा नाही. कधी नव्हतोच.

आदिलाबादच्या एका दुकानात वर्षभर मागच्या खिळ्याला टांगून होतो. गिऱ्हाईक यायचं, चमक बघायचं, शेजारचा चकचकीत गार्ड घेऊन जायचं. गाडीवर बसून पाय कुठे येतो ते पाहावं, असं कुणाला सुचायचंच नाही. चप्पल घेताना मात्र हीच माणसं दहा वेळा घालून बघतात!

मग सुनयना आली. गुडीहत्नूरला शिवणकाम करते. गाडीवरून लांब लांब हिंडायची भारी हौस, पण उजवा गुडघा आखडलेला. अर्ध्या तासात कळ मस्तकात जायची. भाऊ करण सोबत होता. "गाडी विकून टाक ताई," हा त्याचा रोजचा धोशा. पाय लांब करता आला तरच गाडी राहणार होती.

"हा घ्या," दुकानदाराने चकचकीत गार्ड पुढे केला. "सारे पोट्टे हाच घेऊन राह्यले."

सुनयनाने पर्समधून शिवणाची टेप काढली, गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि गार्ड लावून गाडीवर बसली. तो थेट नडगीला टेकला.

"मी अंग पाहून शिवतो भाऊ, कापड पाहून नाई," ती दुकानदाराला म्हणाली. "तो मागचा द्या."

माझ्यावर टाच टेकली आणि तिचा गुडघा सरळ झाला. पाय खाली घेतला, तरी नडगी आणि माझ्यामध्ये चार बोटं जागा उरली. तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला. मला आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता.

मागच्या महिन्यात निर्मलच्या घाटात खडीवरून गाडी घसरली आणि उजव्या अंगावर पडली. सगळा भार मी घेतला. इंजिन शाबूत. पायही शाबूत, त्या चार बोटांच्या जागेतून सुनयनाने तो ओढून काढला.

घरी करण माझे ओरखडे पाहून म्हणाला, "पाह्य, कसा खरडला! आता तरी इक गाडी."

"अन् मी काऊन नाई खरडली, ते पाह्य ना!"

मेकॅनिकने माझे सगळे जोड तपासले आणि ओरखड्यांवर रंग मारून देतो म्हणाला. सुनयना पुन्हा गाडीवर बसली, नडगीपाशी बोटं घातली. चार. जशीच्या तशी.

म्हणून सांगतो, मला रंग फासू नका. हे ओरखडे माझे आहेत, ते पुसायची कुणाची टाप नाही. उद्या सकाळी बेज्जूरला निघायचंय, प्राणहितेच्या काठी. सुनयना, बस. पाय लांब कर.