चहाच्या रंगाची बाटली

अमरावतीत त्वचेच्या डॉक्टरांशेजारच्या मेडिकलमध्ये बसणाऱ्या प्रणालीला चेहऱ्याला लावायच्या व्हिटॅमिन सीची सगळी कुंडली पाठ होती. साधं सी भारी नाजूक. हवा-उजेड लागला की पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि कामातून जातं. त्याचं टिकाऊ रूप घ्या, ते पाण्यासारखं नितळ राहतं, असं ती गिऱ्हाइकांना बजावायची.

तिची स्वतःची साधी बाटली चहाच्या रंगाची झाली, तेव्हा मात्र महागाची वस्तू फेकवेना. दिवाळीला अकोल्याजवळच्या घरी जाताना तिनं ती दीपमालावहिनीसाठी नेली. फुकटचं पुण्य कुणाला नको असतं! वहिनीनं रंगाबद्दल विचारलं, तर ‘पक्कं, कडक औषध असते, म्हणून असा रंग’ असं बेधडक सांगून प्रणाली मोकळी झाली. स्वतःला तिनं टिकाऊ घेतलं.

आता उद्या प्रणालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. घरी आली तर शेजारच्या तानुबाईंनी दारातच कौतुक केलं, नणंद असावी तर अशी, स्वतःचं औषध वहिनीला दिलं. दिवसभर उन्हात झेंडू तोडणाऱ्या वहिनीनं गावभर सांगितलं होतं. प्रणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप बाटली बदलावी म्हणून तिनं आपली नितळ बाटली वहिनीपुढं धरली.

वहिनी हसली. हे तर पाणीच, म्हणाली, आणि आतून जुनी बाटली घेऊन आली. अर्धी शिल्लक होती.

“जपून लावली म्या. उद्या सारे तुमालेच पायतीन, ताई. पक्की तुमीच लावा.”

तिनं थेंब बोटावर घेतला आणि माया करावी तसा हात प्रणालीच्या गालाकडे नेला. प्रणालीनं झटकन तोंड मागं घेतलं.

“नको वहिनी, ते खराब आहे. देल्लं तवाच खराब होतं.”

बोलून गेल्यावर तिला आपलीच लाज वाटली. वहिनीचा हात तसाच राहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बोट पदराला पुसलं.

“इतके दिवस मी लावून राहिली, तवा नाही सांगतलं. आज तुमच्या गालाची पाळी आली, तं सांगतलं.”

मग ती उद्याच्या हारांची फुलं निवडायला बसली. सुकलेली बाजूला टाकत गेली. फुलवाल्यांच्या घरात सुकलेलं फूल कुणाच्या हाती द्यायची रीत नाही, आणि प्रणाली त्याच घरात वाढली होती.