आधी निरोगी, मग आजारी

लहानपणी एकदा पालीला भिऊन ती टेबलावर चढून बसली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव भागूबाई पडलं. नावाआधीचं ‘भित्री’ ज्याने त्याने मनात म्हणायचं. ती शेती आणि पर्यावरण शिकायला विद्यापीठात गेली तेव्हा दादा म्हणाला, झाडं चावत नाहीत एवढं बघूनच हिने विषय निवडला. दादाला काय ठाऊक, भ्यायला समोर चावणारंच काही लागतं असं थोडंच आहे.

विद्यापीठात टोमॅटोची दोन हरितगृहं होती. एकात तिला शिकवणाऱ्या मॅडमनी वर्षानुवर्षं निवडत आणलेली, कमी पाण्यावर तगणारी झाडं. त्यांचं बी अजून धरायचं होतं, त्यामुळे जगात ती झाडं तेवढीच. दुसऱ्यात अभ्यासासाठी, मातीतून पसरणाऱ्या मर रोगाचे जिवाणू मुद्दाम टोचलेली झाडं. मुलं त्यांना निरोगी घर आणि आजारी घर म्हणत. नियम साधा होता: आधी निरोगी घरातलं काम, मग आजारी घरातलं, आणि उलट पाऊल कधी नाही. आजारी घरातून निघताना दाराशी ठेवलेल्या औषधी पाण्याच्या ट्रेमध्ये बूट बुडवायचे. बाकीची मुलं बूट टेकवल्यासारखं करून सटकत. भागूबाई मोजे भिजेपर्यंत उभी राहायची. म्हणूनच मॅडमनी दोन्ही घरांच्या किल्ल्या तिच्याकडे दिल्या होत्या.

अशा मुलीने एका शुक्रवारी बस चुकेल म्हणून ट्रे ओलांडला आणि पळत सुटली. घरी पोचल्यावर नेहमीसारखी बॅग खांद्यावर ठेवूनच मागच्या अंगणात गेली. तिथे शेडनेटखाली वहिनीचे टोमॅटो. वहिनी दादापेक्षा त्या झाडांशी जास्त बोलायची, आणि दादाच्या मते झाडं तिचं जास्त ऐकायचीही.

ट्रे बसमध्ये आठवला होता, पण पुढचे काही आठवडे सगळं ठीक दिसलं आणि तिने मनाची समजूत घातली. मग एका रविवारी वहिनीने हाक मारली. हिरवीगार झाडं, पण दुपारी मान टाकायची आणि रात्री सावरायची. "पाणी कमी पडतंय का गं?" वहिनीने विचारलं.

भागूबाईने एक खोड कापलं, स्वयंपाकघरात काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि कापलेलं टोक पाण्यात धरलं. थोड्या वेळात टोकातून दुधासारखा पांढरा धागा निघाला आणि सावकाश तळाकडे उतरला. मर रोगच. वहिनीला तिने सांगितलं, तपासून बघते. ग्लास मात्र उकळत्या पाण्याने धुतला, पुन्हा धुतला, आणि तरी फडताळात ठेवायला धजली नाही.

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. वहिनीची सगळी बाग उपटून जाळावी लागणार होती आणि ती आपण मारली होती. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं; सकाळी दादा नुसतं "झोप झाली का" म्हणाला तर तिला वाटलं, याला समजलं.

विद्यापीठात पोचली ती नियमाप्रमाणे आधी निरोगी घरात. तिथलंही कोपऱ्यातलं एक झाड दुपारी मलूल दिसायचं. आपली हयगय दिसू नये म्हणून ती त्याला गुपचूप जास्तीचं पाणी घालत होती. आजही घातलं. मॅडम पाहणीला आत आल्या तेव्हा तिच्याने राहवेना. ट्रे, बस, वहिनीची बाग, सगळं तिने रडत सांगून टाकलं. आता किल्ल्या जातील, कदाचित शिक्षणही जाईल, असं तिला वाटत होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तिला वहिनीला स्पीकरवर फोन लावायला सांगितला, आणि बागेतला रोग विद्यापीठातून तर गेला नाही ना ते बघायचंय असं सांगून स्वतःच विचारलं, झाडं पहिल्यांदा कधी मलूल झाली.

वहिनी घुटमळली. मग म्हणाली, "खरं सांगू का, मागच्या पिकातही दोन-चार गेली होती. तेव्हा हिला नुकताच प्रवेश मिळाला होता. ही घाबरट, उगाच जिवाला लावून घेईल म्हणून मी उपटून टाकली आणि बोलले नाही."

म्हणजे भागूबाईने आजारी घरात पाऊल टाकण्याच्याही आधी. तिचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून ती रडता रडता हसायला लागली.

मॅडम हसत नव्हत्या. त्या तिच्या बुटांकडे बघत होत्या. टाचेला लाल माती वाळली होती. विद्यापीठाची माती काळी.

"हेच बूट घालून तू वहिनींच्या बागेत जातेस?"

"हो मॅडम."

"आणि तिथून आलीस की पहिल्यांदा कुठे येतेस?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं. नियमच तो. निरोगी घराच्या दाराशी ट्रे नव्हता, कारण तिथे आजार नव्हता.

मॅडमची नजर फिरत फिरत कोपऱ्यातल्या झाडावर थांबली. कमी पाण्यावर तगणारं झाड, बुंध्याशी ओली माती, आणि तरी मान टाकलेली. त्यांनी खोड कापलं, टेबलावरचा ग्लास भरला आणि टोक पाण्यात धरलं. भागूबाईला डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते. मिटले नाहीत. धागा निघाला. शेजारच्या झाडाचाही निघाला.

मग मॅडम दाराकडे निघाल्या आणि उंबऱ्याशी येऊन थबकल्या. बाहेर पाऊल टाकायचं तर याच पायांनी. त्यांनी आतूनच माळ्याला हाक मारून आजारी घराचा ट्रे इकडे आणायला सांगितलं.

ट्रेची वाट बघत दोघी दाराशी उभ्या असताना वहिनीचा फोन आला. काय म्हणाल्या मॅडम, तिने काळजीने विचारलं, तू नाहीस ना आणलंस?

"नाही वहिनी," भागूबाई म्हणाली. "मी आणलं नाही. मी इकडे घेऊन आले."