आरशात न मावलेली सायकल

"डाव्या आरशात मार्गिका मोकळी दिसत असतानाही चालिकेने बस डावीकडे घेतली नाही, सबब पुढील मोटारीस बसलेल्या धडकेस तीच जबाबदार आहे."

मित्रांनो, हे विधान एका चौकशी अहवालातले आहे. त्यातला मुख्य साक्षीदार मी, बसच्या डाव्या कानाशी लटकणारा एक जुना आरसा. माझी साक्ष मला न विचारताच लिहिली गेली.

कारखान्यात माझ्या काचेला बाक आला, पाठीवर मुलामा चढला, तेव्हाच माझी मर्यादाही ठरली. मी पुष्कळ दाखवतो, सगळे दाखवत नाही. दाराला लागून जाणारी सायकल माझ्यात मावतच नाही. 'दिसत नाही' म्हणजे 'नाही' नव्हे, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा. अहवालकर्त्यांनी बहुधा दुसऱ्या धड्यापासून आरंभ केला असावा.

माझ्यात डोकावून अनेक चालकांनी भांग पाडला. मार्गिका बदलताना मात्र ओझरती नजरही टाकली नाही. आताची चालिका अक्का तेवढी वेगळी. ती रोज मला ओल्या फडक्याने पुसायची. मार्गिका बदलण्यापूर्वी दिवा लुकलुकवायची, मला पाहायची आणि तरीही पुढे वाकून, मान वळवून दाराच्या काचेतून स्वतः खात्री करायची. प्रथम मला तो अपमान वाटला. पुढे उमगले, की माझी उणीव इतक्या मायेने कुणीच सांभाळून घेतली नव्हती.

"अक्का, मान मोडेल एक दिवस! आरसा काय शोभेला लावलाय?" कंडक्टर चिडवायचा.

"मोडू दे रे. दुसऱ्याची मोडण्यापेक्षा बरी."

त्या दिवशी थांबा जवळ आला म्हणून अक्काने वाकून पाहिले. दाराशी पाववाल्याची सायकल चालली होती. तेवढ्यात उजव्या मार्गिकेतली एक मोटार, ना दिवा ना हात, डावीकडचे वळण गाठायला आमच्या नाकासमोर घुसली. अक्काने बस रेषेतच ठेवून सारा भार ब्रेकवर टाकला. मोटारीचा मागचा दिवा फुटला. पाववाला आपल्या तंद्रीत पुढे गेला. आपण वाचलो, हे त्याला आजही ठाऊक नसेल. अहवाल म्हणतो, "असा सायकलस्वार आढळून आला नाही." खरे आहे. मेला असता, तर लगेच आढळला असता.

अक्काचा परवाना रद्द व्हायचा होता. सहीपूर्वी चौकशी अधिकारी आगारात आले आणि तिच्या आसनावर बसले. मोटारवाले गृहस्थ खाली दाराशी तावातावाने बोलत उभे होते.

"मोकळंच दिसतंय की," अधिकारी माझ्यात पाहत म्हणाले. "अहो, ते मोटारवाले गेले कुठे?"

"गेलो कुठे? हा काय, इथंच उभा आहे!"

"आरशाला विचाराल साहेब, तर ते जन्मालाच आलेले नाहीत," कंडक्टर म्हणाला.

अधिकारी पुढे वाकले, मान वळवली आणि दाराच्या काचेतून ते गृहस्थ त्यांना दिसले.

मित्रांनो, मला पुसा, मला पाहा. पण माझ्या भरवशावर मान वळवायचे सोडू नका. रेषेपलीकडे कुणीतरी आहे, असे धरूनच चाला. अक्का तसे चालते, आणि तिचा परवाना आज तिच्याकडेच आहे. कारण अधिकाऱ्यांनी खाली उतरून विचारले, "तिथं सायकल होती का?" आणि आलेले उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले:

"होती ना. दिसली होती मला. पण ह्या बाई जपून चालवतात, थांबणारच, म्हणून तर मी घुसलो."